जुन्या जालन्याचे वाडे : राखावे कीं पाडावे ?

मराठवाड्यांत ‘जालना सोनेका पालना’ ही म्हण लहानथोरांच्या तोंडीं आहे. कुंडलिका नदीच्या एका तीरास जुना जालना व दुसऱ्या तीरास कादराबाद अशा दोन वस्त्यांचें मिळून झालेलें हें गांव व्यापार-उदीमानें भरभराटीस आलें, तेव्हां तेथील पेढीवाल्यांनीं, वतनदारांनीं व विद्वान् कुटुंबांनीं दगडविटांचे आणि सागवानी लांकडाचे वाडे बांधिले. त्यांतील कांहीं अद्यापि उभे आहेत. परंतु ते फार दिवस उभे राहतील असें दिसत नाहीं. कोठें माळवद खचलें आहे, कोठें दिंडीदरवाजा तेवढा शिल्लक राहून आंत बाभळी माजल्या आहेत, तर कोठें दोन पिढ्यांपूर्वीं वांटणी होऊन एकाच चौकाचे चार तुकडे पडले आहेत. वाड्याचे धनी पुण्यास, मुंबईस किंवा सातासमुद्रांपलीकडे. घरांत वृद्ध आईबाप आणि एखादें जुनें बिऱ्हाड. अशा वेळीं कोणी बांधकाम करणारा येतो, जुन्या जागीं चार मजली इमारत उभी करून देण्याचें बोलतो, आणि कुटुंबांत पत्रव्यवहार व वादविवाद सुरू होतात.

वाडा राखावा कीं पाडावा ? हा प्रश्न वरवर पाहतां निव्वळ घरगुती आहे. परंतु एका गल्लींतील दहा घरांनीं दहा वेळां तोच निर्णय घेतला म्हणजे तो गांवाचा निर्णय होऊन बसतो, आणि तो कोणीं व केव्हां घेतला हें मात्र कोणासच सांगतां येत नाहीं. म्हणून दोन्ही बाजूंचें म्हणणें शांतपणें ऐकून घेऊन या प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

गांवाची पूर्वपीठिका

जालना हा जिल्हा म्हणून नवा. औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचे भाग घेऊन १ मे १९८१ रोजीं तो अस्तित्वांत आला. गांव मात्र जुनें आहे. अकबराच्या अमदानींत तें त्याच्या एका सरदाराकडे जहागीर होतें व इतिहासकार अबुल फझल यांचें येथें वास्तव्य झालें होतें. पुढें आसफजाह निजामास औरंगाबादेपेक्षां जालन्याची हवा अधिक मानवूं लागली, आणि त्याच्या आज्ञेवरून काबिलखानानें १७२५ सालीं गांवाच्या पूर्वेस किल्ला व गढी बांधिली. हीच मस्तगड होय. किल्ला चौकोनी, कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकृति बुरूज. आंतील गढींत एक विलक्षण मोठी विहीर असून तिला सज्जे व खोल्या आहेत, असें जुन्या गॅझेटियरमध्यें वर्णन आहे. ह्याच गढींत पुढें अनेक वर्षें नगरपालिकेचें कार्यालय होतें. गांवकुसाचा बहुतेक भाग ढासळला असून मूर्ती दरवाजा व हैदराबाद दरवाजा हे दोनच त्यांतल्या त्यांत बऱ्या स्थितींत आहेत, असेंही तेथेंच नमूद केलें आहे.

१८०३ सालीं इंग्रज-मराठे युद्धांत कर्नल स्टीव्हनसनच्या फौजेनें जालना घेतलें, आणि त्याच सुमारास, २३ सप्टेंबर रोजीं, आजच्या याच जिल्ह्यांतील असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला. १८२७ सालीं गांवाजवळ फौजेची छावणी बसली. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग येथून गेला. जुन्या जालन्यांतील आनंदी स्वामींचें मंदिर महादजी शिंद्यांनीं बांधविलें अशी परंपरा असून आषाढी एकादशीस तेथें मोठी यात्रा भरते. अशा रीतीनें मोंगल, निजाम, मराठे व इंग्रज या चौघांच्याही खुणा एका तासाच्या फेरफटक्यांत पाहावयास मिळतील असें हें गांव आहे.

आणि जिल्ह्याचा इतिहास याहून किती तरी मागें जातो. भोकरदन हें प्राचीन भोगवर्धन होय. सांची व भारहुत येथील स्तूपांस दान देणाऱ्यांच्या लेखांत या गांवचें नांव आढळतें. १९७३ च्या सुमारास येथें उत्खनन झालें, तेव्हां हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ति सांपडली. इटलींतील पाँपेई नगराच्या राखेखालून १९३८ सालीं जी हस्तिदंती भारतीय मूर्ति निघाली, तिच्याशीं या मूर्तीचें साम्य विद्वानांच्या ध्यानांत आलें आहे. आज जेथें गांवकऱ्यांचीं घरें आहेत त्याच पांढरीच्या खालीं दोन हजार वर्षांपूर्वींची बाजारपेठ निजली आहे. तेव्हां आपल्याकडे पाया खणणें म्हणजे नुसती माती काढणें नव्हे, ही गोष्ट आरंभींच लक्षांत ठेविली पाहिजे.

हरवलेलें पाणी

जालन्यांत जुनें कसें नाहींसें होतें याचें एक उदाहरण वाड्यांच्या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडतें. जमशेदखान नांवाच्या जुन्या अधिकाऱ्यानें गांवाबाहेर मोती तलाव बांधिला, आणि तेथून जमिनीखालून नळ घालून पाणी गांवांतील हौदांपर्यंत आणिलें. या हौदांपैकीं सर्वांत मोठा चौकोनी सराईंत होता. काळी मशीद व सराई हीं कामेंही त्याच्याच नांवावर सांगतात. पुढें गांवास उतरती कळा लागली आणि हे नळ नादुरुस्त होऊन बंद पडले. कोणीं शत्रूनें ते फोडले नाहींत, कोणा अधिकाऱ्यानें ते काढून टाकण्याचा हुकूम सोडिला नाहीं. एके वर्षीं गाळ काढावयाचा राहिला, दुसऱ्या वर्षीं फुटका नळ बदलावयाचा राहिला, एवढेंच.

२०१२-१३ च्या दुष्काळांत याच गांवावर पाण्यासाठीं दाही दिशा फिरण्याची पाळी आली. घाणेवाडीचा निजामकालीन तलाव आटला, टँकरांच्या मागें रांगा लागल्या, आणि जायकवाडी धरणांतून दूरवर नळ घालून पाणी आणावें लागलें. त्या तलावांतील गाळ काढण्यासाठीं गांवचे नागरिक पुढें आले, वर्गणी जमली, आणि जें काम सरकारानें करावें असें म्हणत वर्षें गेलीं होतीं तें लोकांनीं हातीं घेतलें. जुन्या वस्तूची निगा हा पुष्कळदां हौसेचा नव्हे तर गरजेचा प्रश्न असतो, हें त्या उन्हाळ्यानें जालनेकरांस शिकविलें.

वाड्यांचेंही असेंच आहे. कोणीही वाडा एका दिवसांत पडत नाहीं. मराठवाड्यांतील माळवद म्हणजे तुळयांवर कडीपाट, त्यावर चिपाट्या किंवा पाला, आणि त्यावर चोपलेला मातीचा थर. पावसाळ्यापूर्वीं दरवर्षीं त्यावर नवी पांढरी माती टाकून, उतार नीट करून, पन्हाळी मोकळी करावी लागते. घरांत कर्ता माणूस असेपर्यंत हें काम नेमानें होतें. तो गेला आणि एक मृग कोरडा गेला, म्हणजे पाणी मुरतें. भिंतींत रुतलेलें तुळईचें टोंक कुजतें. त्यास वाळवी लागते. मग कोणी सुचवितो कीं, भिंतीस सिमेंटचा गिलावा करावा. मातीची किंवा चुन्याची भिंत ओलावा घेते व बाहेर टाकते. सिमेंटच्या कवचांत तो ओलावा कोंडला जाऊन भिंत आंतून पोखरते. दुरुस्तीसाठीं खर्च केलेला पैसाच अशा रीतीनें घरास घातक ठरतो.

पाडण्याच्या बाजूनें

वाड्याचें गुणवर्णन करणाऱ्यांत, त्या वाड्यांत स्वयंपाक केलेल्या स्त्रियांचा आवाज क्वचित् ऐकूं येतो. चौकांतील तुळशीवृंदावन, ढाळजेंतील बैठक, ओसरीवरील झोपाळा यांच्या आठवणी गोड खऱ्या. परंतु माजघरांत दिवसाही दिवा लावावा लागे, चुलीच्या धुरानें डोळे चुरचुरत, आडाचें पाणी दोन जिने चढून न्यावें लागे, आणि बाळंतिणीची खोली घरांत सर्वांत अंधारी असे. शौचकूप घराच्या टोंकास, आणि तो साफ करण्यासाठीं मागील बोळांतून येणाऱ्या माणसास पुढील दाराचा उंबरा वर्ज्य. गल्ल्यांची नांवें जातींवरून व धंद्यांवरून पडलेलीं होतीं, आणि त्या नांवांबरोबर कोणीं कोठें पाऊल ठेवावें याचे नियमही होते. जुनें सगळेंच पवित्र असें म्हणणाऱ्यानें या गोष्टीही हिशेबांत धरल्या पाहिजेत. ज्या सुनेस दोन खोल्यांची, उजेडाची, नळ असलेली सदनिका हवीशी वाटते, तिला आपल्या संस्कृतीचा अभिमान नाहीं असें म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

दुसरी गोष्ट जिवाच्या सुरक्षिततेची. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें झोपेंतच मृत्युमुखीं पडलीं. त्यांतील बहुतेकांचा प्राण घेतला तो मातींत रचलेल्या जाड दगडी भिंतींनीं व त्यांवरील माळवदांनीं. वर्षानुवर्षें नवी माती टाकतांना जुनी काढली गेली नव्हती, त्यामुळें छपरांचा भार अतोनात वाढला होता. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं मुंबईच्या भेंडीबाजार भागांत शंभरांहून अधिक वर्षांची एक इमारत कोसळून तीसहून अधिक माणसें दगावलीं. इतिहासावरील प्रेमाखातर कोणाच्या मुलाबाळांस मोडक्या छपराखालीं निजावयास लावणें हें निर्दयपणाचें होईल.

तिसरी गोष्ट द्रव्याची. वाड्यांत भाडेकरू असला तर त्याचें भाडें इतकें अल्प कीं त्यांतून एक तुळईही बदलतां येऊं नये. मराठवाड्यास १९५४ चा हैदराबाद भाडेनियंत्रण कायदा लागू होता. त्याच्या जागीं आलेला महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला, आणि त्यानें वर्षास चार टक्के वाढीची मुभा दिली. मूळ भाडेंच नगण्य असेल तेथें त्याच्या चार टक्क्यांनीं काय होणार ? वारस चौदा, राहणारे दोन, खर्च करणारा एकही नाहीं, अशी जेथें स्थिति आहे तेथें पाडणें हा लोभ नसून पुष्कळदां केवळ सुटकेचा मार्ग असतो.

राखण्याच्या बाजूनें

या तिन्ही गोष्टी मान्य करूनही राखणाऱ्यांचें म्हणणें उरतेंच. वैशाखांत जालन्याचा पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. दोन-अडीच हात जाडीची भिंत, उंच छत आणि मध्यें उघडा चौक असलेल्या घरांत त्या वेळीं जो गारवा असतो, तो नऊ इंची भिंतींच्या व सिमेंटच्या स्लॅबखालच्या खोल्यांत यंत्रावांचून मिळत नाहीं; आणि यंत्रास वीज लागते, विजेस पैसा लागतो. सागवानाचे जे खांब त्या काळीं सहज मिळाले, ते आज कोणत्याही किंमतीस त्या लांबीजाडीचे मिळणें कठिण. वाडा मोडला म्हणजे हे खांब जुन्या लांकडांच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि एखाद्या मोठ्या शहरांतील उपाहारगृहाची शोभा वाढवितात. जालना आज लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठीं व बियाण्यांच्या धंद्यासाठीं देशभर प्रसिद्ध आहे. सळईचें मोल येथें कोणास समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. पण समुद्रकांठची हवा असो वा मुरलेलें पाणी असो, सळईस गंज चढला म्हणजे काँक्रीट फुटतें, आणि तीस-चाळीस वर्षांतच ‘पुनर्विकास’ हा शब्द त्या इमारतीच्याही दारांत येऊन उभा राहतो, हें मोठ्या शहरांतून आपण पाहतच आहों.

किल्लारीच्या भूकंपाचा आणखीही एक धडा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाहीं. जेथें छप्पर भिंतींवर न टेकतां लांकडी खांबांच्या खणांवर तोललेलें होतें, तेथें पुष्कळ ठिकाणीं भिंती कोसळल्या तरी खांब व छप्पर उभें राहिलें. भूकंपानंतर तज्ज्ञांनीं जुन्या घरांसाठीं जे उपाय सुचविले ते साधे होते : माळवदावरील जादा माती काढून भार हलका करावा, भिंतीच्या दोन्ही पदरांस बांधणारे आरपार दगड बसवावे, खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरपे आधार द्यावे, भिंतींच्या माथ्याशीं सभोंवार पट्टा बांधावा. मराठवाड्यांतील व आसपासच्या जिल्ह्यांतील लाखांवर घरांची अशी दुरुस्ती व बळकटी करण्याचा कार्यक्रम सरकारनें हातीं घेतला होता. जुनें घर म्हणजे धोक्याचें घर हें समीकरण, तेव्हां, सरसकट खरें नाहीं. बेवारशी टाकलेलें घर धोक्याचें, हें मात्र खरें आहे.

इतरांनीं काय केलें

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगाची सांथ आली, आणि १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तींतून रुंद रस्ते काढावे, हवा-उजेड खेळवावा, हा हेतु उत्तम होता. परंतु जितकीं घरें पाडलीं तितकीं लवकर बांधलीं गेलीं नाहींत. निघालेलीं कुटुंबें शेजारच्या गल्लींत जाऊन दाटीवाटीनें राहिलीं, आणि तेथील आरोग्य पूर्वीपेक्षां बिघडलें.

याच सुमारास, १९१४ सालीं, पॅट्रिक गेडेस हे स्कॉटलंडचे विद्वान् हिंदुस्थानांत आले. पुढें १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. आपल्या अनेक शहरांतून पायीं हिंडून त्यांनीं अहवाल लिहिले. जुन्या वस्तींतून पट्टी लावून सरळ रस्ता कापणें त्यांस मान्य नव्हतें. ते म्हणत, प्रथम रोगी तपासा. खरोखर मोडकळीस आलेलीं चार घरें काढा, त्या मोकळ्या जागेंत लहानसा चौक व एखादें झाड राहूं द्या, कोंडलेला बोळ दुसऱ्या गल्लीस जोडा, विहीर बुजवूं नका तर साफ करा. या पद्धतीस त्यांनीं दिलेल्या नांवाचा आशय ‘राखून केलेली शस्त्रक्रिया’ असा आहे. तिला खर्च अल्प लागतो आणि फारच थोडीं माणसें बेघर होतात.

इंदूर संस्थानासाठीं त्यांनीं १९१८ सालीं सिद्ध केलेला अहवाल प्रसिद्ध आहे. ज्या होळकरांच्या अहिल्याबाईंनीं आमच्या जिल्ह्यांत अंबड येथें खंडोबाचें देऊळ बांधविलें, त्यांचीच ही राजधानी. तेथें प्लेगाचा उपद्रव होता. गेडेस यांनीं दिवाळींत एक मिरवणूक काढविली व जाहीर केलें कीं, ज्या रस्त्यांवरील लोक आपापलीं घरें स्वच्छ व दुरुस्त करतील त्या मार्गानें ती जाईल. घरोघरीं झाडलोट, रंगसफेती सुरू झाली, गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर पडला, आणि शेवटीं प्लेगाच्या राक्षसाचें दहन झालें. लोकांच्या सणांतून लोकांचेंच काम करून घेण्याची ही युक्ति आजही स्मरणीय आहे.

शेजारच्या छत्रपती संभाजीनगराची, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेची, कथा संमिश्र आहे. बावन्न दरवाजांचें शहर म्हणून त्याचा लौकिक. तेथील दिल्ली दरवाजाच्या दोन्ही अंगांनीं रस्ता काढून दरवाजा मध्यें तसाच ठेविला, ही चांगली तडजोड झाली. अलीकडे कांहीं दरवाजांची दुरुस्तीही झाली. परंतु २०११ सालीं रस्तारुंदीकरणाची मोहीम निघाली तेव्हां गुलमंडीसारख्या जुन्या भागांतील घरांच्या दर्शनी बाजू कापल्या गेल्या. वाहनांस वाट हवी होती हें नाकारतां येत नाहीं. पण दरवाजे राखले आणि ज्या गल्ल्यांकडे ते उघडत त्यांचें रूप गेलें, तर दरवाजा पुतळ्यासारखा एकटा उभा राहतो.

पुण्याच्या भिडे वाड्याचें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली ती याच वाड्यांत. राष्ट्रीय स्मारक व्हावें यांत मतभेद नव्हता; पण मालकी, भाडेकरू आणि महापालिका यांच्यांतील दावे वर्षानुवर्षें चालले. सर्वोच्च न्यायालयांत २०२३ सालीं निकाल लागला तोंपर्यंत वास्तु इतकी जीर्ण झाली होती कीं, त्याच वर्षीं डिसेंबरांत ती पाडून त्या जागीं स्मारक उभारण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. वाड्याचें महत्त्व सर्वांस ठाऊक होतें. दुरुस्ती कोणीं करावयाची, एवढेंच ठरलें नव्हतें.

आणि एक उदाहरण दूर देशींचें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, पोलंडची राजधानी वॉर्सा ही जवळजवळ समूळ उद्ध्वस्त करण्यांत आली. युद्धानंतर लोकांनीं जुनें शहर पुन्हा जसेंच्या तसें उभें केलें, आणि १९८० सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. हें शक्य झालें तें युद्धापूर्वीं वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं घरोघर फिरून काढलेल्या मोजमापांच्या आराखड्यांमुळें आणि अठराव्या शतकांतील एका चित्रकाराच्या नगरचित्रांमुळें. ज्याचें मोजमाप झालें तें पडूनही उरलें.

कायद्याचा आधार कितपत ?

केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, त्याची २०१० ची दुरुस्ती व राज्याचा १९६० चा कायदा हे घोषित स्मारकांसाठीं आहेत. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई व त्यापुढें २०० मीटरपर्यंत निर्बंध, असा त्या दुरुस्तीचा आशय. सामान्य कुटुंबाच्या वाड्यास या कायद्यांचें छत्र नाहीं. त्यासाठीं शहराची स्वतःची वारसायादी लागते. मुंबईनें १९९५ सालीं अशी नियमावली करून देशांत पहिला पायंडा पाडिला. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलींतही वास्तूंच्या तीन श्रेणी करून त्या राखण्याची, आणि ज्या मालकास त्यामुळें बांधकामाचा हक्क सोडावा लागतो त्यास तो हक्क अन्यत्र हस्तांतरित करतां यावा याची, तरतूद आहे. जालना नगरपालिकेची २०२३ सालीं महानगरपालिका झाली; तेव्हां हें काम आतां महानगरास शोभेल अशा रीतीनें करण्याची वेळ आली आहे. एरवीं महापालिकेचा आणि जुन्या घराचा संबंध येतो तो बहुधा १९४९ च्या अधिनियमांतील २६४ व्या कलमाखालीं, म्हणजे ‘इमारत धोकादायक आहे’ ही नोटीस दारावर चिकटते तेव्हां. आणि तोंपर्यंत उशीर झालेला असतो.

मग काय करावें ?

सर्व वाडे राखावे असा आमचा आग्रह नाहीं, आणि सर्व पाडावे हें तर मुळींच मान्य नाहीं. ज्यांचे खांब शाबूत आहेत, पाया खचलेला नाहीं आणि ज्यांत कोणी तरी राहावयास तयार आहे, ते वाडे राखण्याजोगे. ज्यांचा आंतील भाग मातींत गेला आहे, त्यांचा दर्शनी सोपा, दिंडीदरवाजा व आड एवढें राखून मागील बाजूस नवें घर बांधतां येईल. स्वयंपाकघर, न्हाणी व शौचकूप हीं निःसंकोचपणें नवीं करावीं. माजघराच्या छतांत कांचेचें कवाड बसवून उजेड घ्यावा. यामुळें वाड्याची विटंबना होत नाहीं. उलट त्यांत राहणें शक्य झाल्यानेंच तो टिकतो.

कुटुंबांनीं कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या. पहिली, सर्व वारसांची नांवें एकत्र लिहून काढावीं, आणि त्यांत मुलींचीं नांवें वगळूं नयेत. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें वडिलार्जित एकत्र मिळकतींत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला आहे, आणि ‘बहिणी कांहीं बोलणार नाहींत’ या भरंवशावर केलेले करार पुढें न्यायालयांत अडकतात. दुसरी, वास्तूची तपासणी बांधकाम करणाऱ्याच्या नव्हे तर स्वतः नेमलेल्या अभियंत्याकडून करून घ्यावी. तिसरी, स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याचें संरक्षण गृहीत धरूं नये : जागा ५०० चौरस मीटरांहून अधिक नसेल, किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर प्रकल्पाच्या नोंदणीची सक्ती नाहीं, आणि वाड्यांच्या जागा पुष्कळदां याच मर्यादेंत बसतात. अशा वेळीं कराराचें प्रत्येक कलम हेंच आपलें संरक्षण असतें.

गांवानें करावयाचें काम याहून मोठें आहे. एकट्या गृहस्थानें गांवाच्या शोभेसाठीं आपलें द्रव्य खर्चावें आणि इतरांनीं वाहवा करावी, हा न्याय नव्हे. महापालिकेनें यादी करावी, राखणाऱ्यास घरपट्टींत सवलत द्यावी, आणि रस्तारुंदीची रेषा आंखतांना ती कोणत्या दरवाजावरून व कोणत्या विहिरीवरून जाते तें आधीं पाहावें. जुने सुतार व गवंडी, ज्यांना माळवद घालतां येतें व चुना मळतां येतो, ते हयात आहेत तोंवर तरुणांस त्यांच्या हाताखालीं द्यावें. हा कसब गेला तर पैसा असूनही दुरुस्ती होणार नाहीं. शाळा-महाविद्यालयांनीं सुटीच्या दिवसांत मुलामुलींच्या टोळ्या पाठवून प्रत्येक जुन्या घराचें मोजमाप, छायाचित्र व घरांतील वृद्धांनीं सांगितलेली हकीकत यांची नोंद करवावी. यास फार पैसा लागत नाहीं. फीत, वही व चार दुपारी एवढें पुरे.

समर्थ रामदासांचें जन्मस्थान असलेलें जांब, मत्स्योदरीचें अंबड, आनंदी स्वामींचें जालना येथील देवालयांची काळजी वाहणारे भक्त आहेत. घरांना असे भक्त नसतात; त्यांना फक्त घरचीं माणसें असतात. म्हणून ज्या वाचकांच्या नांवावर जुन्या जालन्यांत, कादराबादेंत, अंबडास किंवा कोठेंही वडिलार्जित घराचा अंश आहे, त्यांस आमची विनंति एवढीच कीं, येत्या सुटींत एकदां सर्व भावंडांनीं तेथें जमावें, पावसाळ्यापूर्वीं माळवदावर माती पडेल व पन्हाळी मोकळ्या होतील अशी व्यवस्था करावी, आणि मग राखावयाचें कीं पाडावयाचें याचा निर्णय त्या घराच्या ओसरीवर बसून करावा. निर्णय कोणताही होवो. तो पावसानें आपल्यावतीं करूं नये.